न केलेल्या कामांचं व्याज

सुट्टीच्या दिवशी लॅपटॉप पूर्ण मिटायचा नाही, अर्धा उघडा ठेवायचा, ही सवय मला कधी लागली कोण जाणे. स्क्रीन काळी पडलेली असते, बोट लावलं की जागी होते आणि अर्धवट लिहिलेली फाइल समोर येते. मी शेजारीच सोफ्यावर आडवी होऊन काहीतरी बघत असते. म्हणजे धड बघतही नसते. मधूनमधून मान वळवून त्या फाइलकडे नजर टाकायची, ‘हे एवढं संपलं की बसतेच’ असं मनाशी म्हणायचं, आणि पुन्हा उशीवर डोकं टेकायचं. संध्याकाळ होते तेव्हा काम झालेलं नसतं आणि आरामही झालेला नसतो. मान तेवढी अवघडलेली असते.

तो लॅपटॉप तसा का उघडा असतो, याचा मी पुष्कळ विचार केला. कामासाठी नसतो हे उघड आहे, कारण काम करायचं असतं तेव्हा मी टेबलाशी बसते. तो असतो साक्षीदार म्हणून. मी अगदीच हातपाय गाळून बसलेली नाही, माझी नियत साफ आहे, हे कुणाला तरी दिसावं म्हणून. बरं, कुणाला? घरात कुणी विचारत नाही. ऑफिसला सुट्टी आहे. तरी आत कुणीतरी हजेरीपट घेऊन बसलेलं असतं आणि त्याच्याशी माझा एक व्यवहार ठरलेला असतो: रिकामं बसायचं तर खुशाल बस, पण निदान वाईट तरी वाटून घे. वाईट वाटून घेतलं की गुन्हा निम्मा माफ.

या टोचणीबद्दल बहुतेक जण ती त्रास देते एवढंच बोलतात. ती सोयही करते, हे कुणी बोलत नाही. टोचणी चालू आहे तोवर मला निर्णय घ्यावा लागत नाही. ‘हे काम मी आज करणार नाही’ असं स्वच्छ म्हणावं लागत नाही. ‘हे काम मी कधीच करणार नाही’ हे तर त्याहून लांब राहिलं. मुद्दल तसंच ठेवून रोज व्याज भरत राहावं, तसा हा प्रकार. त्यातही मौज अशी की ज्या कर्जाचं व्याज आपण भरतो त्यातलं बरंचसं आपण कुणाकडून घेतलेलंच नसतं.

मग हे कर्ज खात्यावर चढवलं कुणी? एका माणसावर खापर फोडता येणार नाही, पण फ्रेडरिक टेलर या अमेरिकन इंजिनिअरचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाताही येत नाही. हातात स्टॉपवॉच घेऊन मजुरांच्या हालचाली मोजणारा हा गृहस्थ. १८९९ च्या सुमारास बेथलेहेम स्टील कंपनीत मजूर लोखंडाचे ओबडधोबड ठोकळे उचलून रेल्वेच्या वाघिणीत भरत. एकेक ठोकळा ९२ पौंडांचा, म्हणजे जवळपास ४२ किलोंचा. दिवसाला माणशी सरासरी साडेबारा टन माल भरला जाई. टेलरने हिशेब मांडला की धडधाकट माणूस ४७ टनांच्या पुढे जाऊ शकतो, आणि एका मजुराला हाताशी धरून साडेसत्तेचाळीस टनांचा आकडा गाठून दाखवल्याचं सांगितलं. मजुरी वाढली साठेक टक्क्यांनी. काम वाढलं जवळजवळ चौपट. १९११ साली त्याने हे सगळं पुस्तकात मांडलं आणि कारखान्यांपासून कचेऱ्यांपर्यंत सगळीकडे माणसाचा दिवस मोजायची पद्धत पडली. त्याने रंगवून सांगितलेल्या या कथेतल्या बऱ्याच तपशिलांवर पुढच्या अभ्यासकांनी शंका घेतल्या, ती गोष्ट वेगळी.

पण त्याच कथेत एक आकडा आहे आणि तो सहसा कुणी सांगत नाही. टेलरचं म्हणणं होतं की एवढं वजन उचलायचं तर मजुराच्या हातात दिवसातला फक्त ४३ टक्के वेळ ओझं असावं. उरलेले ५७ टक्के हात मोकळे हवेत. त्याच्या मजुरावर देखरेख करणारा माणूस जसं ‘आता उचल’ म्हणायचा तसंच ‘आता बस’ असंही म्हणायचा, आणि बस म्हटलं की बसायचं. मजुराच्या घामाचा थेंब न् थेंब मोजणाऱ्या माणसाच्या कोष्टकातही निम्म्याहून अधिक दिवस ओझ्याविना होता! आपण त्याचं स्टॉपवॉच तेवढं उचललं. आज मीच मजूर आणि मीच मुकादम. मुकादमाला ‘उचल’ एवढंच म्हणता येतं, कारण ‘बस’ म्हणायचा अधिकार आपल्याला आहे हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही. शिवाय लोखंडाचा ठोकळा वाघिणीत पडला की पडला, तो मोजता येतो. मी दिवसभर एका परिच्छेदाशी झटापट करून शेवटी तो काढूनच टाकला, तर ते किती टन झालं?

बेंजामिन फ्रँकलिनचंही तसंच. ‘वेळ म्हणजे पैसा’ हे वाक्य त्याने १७४८ मध्ये एका तरुण व्यावसायिकाला उपदेश करताना लिहिलं आणि तेव्हापासून ते आपल्या मानगुटीवर बसलं आहे. पहाटे पाचला उठण्याचं त्याचं वेळापत्रकही लोक भिंतीवर लावतात. त्या वेळापत्रकात दुपारी दोन तास वाचन, हिशेब आणि जेवणासाठी आहेत, आणि संध्याकाळी सहा ते दहा हा वेळ वस्तू जागच्या जागी ठेवणं, जेवण, संगीत, करमणूक, गप्पा आणि दिवसाचा आढावा यांसाठी. संध्याकाळचे चार तास! भिंतीवर लावणाऱ्यांची नजर पाचच्या आकड्यावरच अडकते. शिवाय त्याने स्वतःला लावून घ्यायचे तेरा सद्गुण ठरवले होते. त्यांतल्या ‘व्यवस्थितपणा’ने आपल्याला सगळ्यात जास्त छळलं आणि तो काही पूर्ण जमला नाही, हे त्यानेच आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे.

इतिहास एवढा पुरे. माझं रोजचं भांडण याहून किरकोळ गोष्टीशी आहे. ती म्हणजे सकाळी लिहिलेली यादी.

ही यादी लिहिणारी बाई आणि रात्री तिचा निकाल ऐकणारी बाई या दोन वेगळ्या आहेत असं मला पक्कं वाटतं. सकाळची बाई ताजीतवानी, आंघोळ झालेली, हातात गरम कप. तिला आजचा दिवस सपाट आणि मोकळा दिसतो. त्यात फोन वाजत नाही, डोकं दुखत नाही, कुणी ‘दोन मिनिटं आहेत का?’ म्हणत येत नाही. ती बिनदिक्कत अकरा कामं लिहून मोकळी होते. शिक्षा मात्र रात्रीच्या बाईला.

हा माझा एकटीचा स्वभावदोष नाही, याला नावही आहे: ‘प्लॅनिंग फॅलसी’, म्हणजे बेत आखतानाचा भ्रम. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये दाखवून दिलं की स्वतःच्या कामाला लागणाऱ्या वेळेचा अंदाज माणूस हटकून कमी करतो, पूर्वीचे सगळे अंदाज चुकल्याचं माहीत असूनही. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना विचारलं होतं, तुमचा प्रबंध किती दिवसांत पूर्ण होईल? सरासरी उत्तर आलं, सुमारे ३४ दिवस. पुढे विचारलं, सगळंच बिनसलं तर? सुमारे ४९ दिवस. प्रत्यक्षात लागले ५५ हून अधिक. सगळं बिनसलं असं धरून केलेला अंदाजही तोकडा पडला. हे वाचल्यावर मला हायसं वाटलं आणि थोडा रागही आला. रोज रात्री ज्याला मी माझा आळस समजत होते त्यातला मोठा भाग हा सकाळच्या बेरजेतला घोळ होता. अकरा कामं एका दिवसात बसतच नव्हती. कुणाच्याच दिवसात बसली नसती.

त्या यादीचा आणखी एक अन्याय असा की जे तिच्यात नाही ते घडलेलंच नाही. मागे एकदा रात्री दिवा मालवताना ‘आजचा दिवस वाया गेला’ असं सहज तोंडातून गेलं, आणि मग मी मुद्दाम उजळणी केली. सकाळी एका मैत्रिणीचा फोन होता, तिच्या वडिलांचे रिपोर्ट आले होते, ती बोलत होती आणि मी ऐकत होते. बराच वेळ गेला. मग आईचा बँकेचा पासवर्ड लॉक झाला होता तो सोडवला. त्यात मुख्य काम पासवर्डचं नव्हतंच, ‘मला आता काहीच जमत नाही’ या तिच्या वाक्यावर फुंकर घालण्याचं होतं. बेसिनखालचा पाइप गळत होता, त्याच्यासाठी माणूस बोलावला, तो येईपर्यंत भांडं बदलत बसले. हे सगळं वाया? यादी म्हणते, हो. मला माहीत असलेले काही लोक तर काम उरकल्यावर ते यादीत मुद्दाम लिहितात आणि लगेच त्यावर रेघ मारतात. मला आधी हसू यायचं. आता वाटतं, न मोजलेल्या श्रमाची नोंद व्हावी यासाठी त्यांनी काढलेली ती पळवाट आहे.

देशांचे हिशेबही असेच लिहिले जातात. एखाद्या घरात पगारी माणूस स्वयंपाक करत असेल, आजाऱ्याची सेवा करत असेल तर ते काम राष्ट्रीय उत्पन्नात धरलं जातं. तेच काम घरच्या माणसाने केलं तर धरलं जात नाही. न्यूझीलंडच्या मॅरिलिन वेअरिंग यांनी १९८८ मध्ये यावर अख्खं पुस्तक लिहिलं, पुष्कळ चर्चा झाली, पण सकल राष्ट्रीय उत्पादनाच्या मुख्य आकड्यात ते काम आजही येत नाही. जगाचा जमाखर्च ठेवणाऱ्यांनाच जे दिसत नाही ते माझ्या वहीला कुठून दिसणार? आणि ज्यांचा सबंध दिवस अशाच कामांत जातो त्यांनाच रात्री ‘मी काय केलं?’ हा प्रश्न सगळ्यात जास्त पडतो, हे तर मी घरोघरी बघितलं आहे.

तर यादी. एका शांत दुपारी मी ती घेऊन बसले. रोजची नव्हे, मोठी यादी, वर्षानुवर्षं एका वहीतून दुसऱ्या वहीत उतरत आलेली. फ्रेंच शिकणे. पेटी पुन्हा सुरू करणे. जुने फोटो स्कॅन करून लावणे. अर्धवट सोडलेला ऑनलाइन कोर्स. रोज पहाटे चालायला जाणे. दोन जाडजूड पुस्तकं, ज्यांची पहिली चाळीस पानं मला जवळजवळ पाठ आहेत. एकेका ओळीपुढे मी लिहीत गेले, हे मी कुणाला कबूल केलंय? फ्रेंचपुढे कुणाचं नाव आलं नाही. पेटीपुढे नाही. कोर्सवाल्यांचे आठवणीचे मेल येतात, पण त्यांचं माझ्यावाचून काही अडलेलं नाही. खरी नावं अगदी मोजक्या ओळींपुढे आली. बाकी सगळी उधारी माझी माझ्याकडेच.

खोडायला सोपं जाईल असं वाटलं होतं. गेलं नाही. फ्रेंचवर रेघ मारताना घशाशी काहीतरी आलं. वास्तविक ती भाषा मला कशालाच लागत नाही. मग लक्षात आलं की ती कामांची यादी नव्हतीच, ते एका बाईचं वर्णन होतं. पहाटे उठणारी, फ्रेंच वाचणारी, पेटीवर हात फिरवणारी, घरातले फोटो सालवार लावून ठेवणारी बाई. विशीत असताना माझी खात्री होती की चाळिशीपर्यंत मी ती होणार. इतकी वर्षं टोचणी लागत होती ती तिच्यापायी. टोचणी होती तोवर ती बाई जिवंत होती, म्हणजे व्हायची शक्यता होती. रेघ मारली की तिला निरोप द्यायचा. अपराधीपणा सोडा, स्वतःला माफ करा, असं लोक फार हसतमुखाने सांगतात. सोडताना सुतक लागल्यासारखं होतं हे कुणी सांगत नाही.

पेटी मी ठेवली. खरं सांगायचं तर खोडवली नाही. पण तिला यादीतून काढून भिंतीशी ठेवली आहे. वाटलं तर वाजवीन, नाही वाटलं तर नाही.

इथे एका मोहापासून सावध राहायला हवं असं माझं मत आहे. अलीकडे विश्रांतीची बाजू घेणारे खूप झाले आहेत आणि ते सगळे जवळजवळ एकच सांगतात: विश्रांती घ्या, म्हणजे काम जास्त होईल. दाखले तयार असतात. गणितज्ञ पॉइनकारे घोडागाडीच्या पायरीवर पाऊल ठेवत होता आणि त्या क्षणी त्याला अडलेल्या गणिताची किल्ली सापडली. डार्विन दिवसातून जेमतेम चार-पाच तास काम करायचा आणि बागेतल्या वाटेवर फेऱ्या मारायचा. गोष्टी खऱ्या आहेत. पण त्यांचा अर्थ असा लावला जातो की फेऱ्या मारल्या म्हणून ग्रंथ झाले. म्हणजे चालणंही शेवटी कामालाच जुंपलं. आता मी सोफ्यावर पडले तरी मला विचार पडणार, या पडण्यातून एखादी कल्पना सुचतेय का? नाही सुचली तर पडणंही वाया! झोपेचे गुण मोजणारी घड्याळं मनगटावर आली आहेत आणि लोक सकाळी उठून ‘आज झोप बासष्टच लागली’ म्हणून खट्टू होतात. मुकादम गेला नाही, त्याने फक्त शयनगृहात बदली करून घेतली.

डार्विनच्या बाबतीत मला दुसरीच गोष्ट जवळची वाटते. समुद्रातल्या खडकांना आणि जहाजांच्या बुडांना चिकटून राहणाऱ्या बार्नेकल या जिवांवर त्याने १८४६ ते १८५४ अशी आठ वर्षं घालवली, आणि त्यातली सुमारे दोन वर्षं आजारपणात गेल्याची नोंद त्याच्या रोजनिशीत आहे. ‘गेली’ अशीच नोंद. म्हणजे हिशेब त्यालाही सुटला नव्हता. पुढे आत्मचरित्रात या कामाबद्दल तो असंही म्हणतो की एवढा वेळ घालवण्याइतकं ते मोलाचं होतं का याची आपल्याला शंका आहे. डार्विनला! (त्याच्या घरी नोकरचाकर होते, वडिलोपार्जित पैसा होता आणि एमासारखी बायको होती, हेही त्याचे चार तास सांगणाऱ्यांनी जाता जाता सांगावं.)

आता तो नेहमीचा प्रश्न. टोचणीच गेली तर माणूस कामाला लागेल कशाला? मलाही ही धास्ती होती. आत कुणी ओरडणारं नसेल तर मी लोळतच राहीन, असं वाटायचं. तसं काही झालं नाही. काम साधारण पूर्वीइतकंच होतं. थोडं जास्त झालं असं सांगितलं असतं तर लेखाला बरं दिसलं असतं, पण तसंही नाही. फरक पडला तो न केलेल्या वेळात. लॅपटॉप मिटलेला असतो आणि जे बघायचं ते मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघते. कॅनडातल्या संशोधकांनी २०१० साली पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांवर केलेला एक अभ्यास आहे: पहिल्या परीक्षेआधी चालढकल केल्याबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी पुढच्या परीक्षेच्या वेळी चालढकल कमी केली. धास्ती वाटणाऱ्यांसाठी हे सांगून ठेवते. माझा स्वतःचा भर त्याच्यावर नाही, कारण माफीतूनही काम काढून घ्यायचं म्हटलं तर आपण पुन्हा तिथेच आलो.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. आठवडेच्या आठवडे उठावंसं वाटत नसेल, आवडीच्या गोष्टीतही मन लागत नसेल, आणि आपण कुचकामी आहोत हे दिवसरात्र घोकलं जात असेल, तर ते लेख वाचून जाणार नाही. अकारण, अवाजवी अपराधीपणा हे नैराश्याच्या आजाराचं एक लक्षण म्हणून डॉक्टर धरतात. तिथे याद्या खोडत बसू नये, डॉक्टरांकडे जावं.

उरल्या त्या ओळी, ज्यांच्यापुढे खरी नावं आहेत. त्यांच्याबद्दलची टोचणी मी सोडलेली नाही आणि सोडणारही नाही, कारण पलीकडे कुणीतरी खरोखर वाट बघत असतं. पण तिथेही कुढत बसण्याऐवजी कधी करणार ते ठरवून टाकलं की डोकं बरंच हलकं होतं. अपुरं राहिलेलं काम मनात घोळत राहतं, पण ते कधी आणि कसं करायचं याचा नेमका बेत केला की ते घोळणं थांबतं, काम झालेलं नसलं तरी, असं मॅसिकॅम्पो आणि बाउमायस्टर या मानसशास्त्रज्ञांच्या २०११ मधल्या प्रयोगांत दिसून आलं होतं. मी आता बेत तेवढा करते.

परवाच एका मैत्रिणीने तिच्या कादंबरीचं हस्तलिखित वाचायला दिलं. मी आनंदाने घेतलं. “कधीपर्यंत होईल गं?” तिने विचारलं. आठवड्याभरात, असं अगदी जिभेवर आलं होतं. मी पानं चाळली, अक्षर बघितलं, आणि तीन आठवडे सांगितले. “एवढे?” ती म्हणाली. म्हटलं, हो, एवढे.